गाडी धूर सोडते, पण चालते



बचत, कर्ज, हप्ते हे आपल्या बैठकीचे नेहमीचे विषय. अलीकडे त्यात गाडीचाही विषय येऊ लागलाय. कुठे गटाने मिळून जुनी गाडी घेतली, कुठे एखाद्या ताईच्या घरी आली. डहाणूची मासळी तलासरी-उधव्याच्या बाजाराला न्यायची, घोलवडकडचे चिकू स्टेशनवर पोचवायचे, रात्री-अपरात्री अडलेल्या बाईला कासा रुग्णालयात न्यायचं. जुनी गाडी म्हटली की इंजिनात काहीतरी झिजणारच. मग मेकॅनिक म्हणतो, "ताई, इंजिन खोलावं लागेल." खर्चाचा आकडा ऐकून आपण गप्प होतो. आणि घरी येताना गाडी तर नीट चालत असते! मग चालवायची की उभी करायची?

आमचं म्हणणं असं, की किती झिजलंय एवढंच विचारू नका. झिजलेला भाग जाताना कसा जातो, ते विचारा. काही भाग महिनोन् महिने सांगत सांगत जातात. काही एका क्षणात जातात आणि सोबत सगळं इंजिन नेतात. निर्णय त्यावर ठरतो.

सांगत जाणारी म्हणजे पिस्टनची रिंग. इंजिनात पिस्टन खालीवर धावतो, त्याच्याभोवती ही रिंग बसवलेली असते. बांगडीसारखीच, फक्त एका जागी कापलेली. वरचा जाळ खाली जाऊ द्यायचा नाही आणि खालचं ऑइल वर येऊ द्यायचं नाही, हे तिचं काम. ती झिजली की ऑइल वर जाऊन जळतं, मागून निळसर धूर येतो, चढाला गाडीचा जोर कमी पडतो.

पण निळा धूर दिसला म्हणजे रिंगाच गेल्या, असं लगेच मानू नका. धूर कधी येतो ते बघा. सकाळी सुरू करताना एकच भपकारा आणि मग साफ, असं असेल तर बहुधा वॉल्व्हचे छोटे रबरी सील गेलेले असतात. ते काम पुष्कळ स्वस्तात होतं. भरलेली गाडी चढाला लागली की धूर वाढतो, दिवसभर येतो, तर रिंगांचा संशय खरा. आणि धूर पांढरा असेल, इंजिन तापल्यावरही थांबत नसेल, रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर दुखणं वेगळं. तिथे बहुतेक गॅस्केट गेलेलं असतं. ती गाडी पुढे चालवायचीच नाही.

खात्री करायची तर मेकॅनिकला कॉम्प्रेशन मोजायला सांगा. प्रत्येक सिलेंडरला गेज लावून आकडा काढतात. पेट्रोल गाडीत ज्याचा आकडा कमी येईल त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर रिंगा झिजल्यात, नाही वाढला तर दोष बहुधा वॉल्व्हचा. आकडे कागदावर लिहून मागा. न मोजताच "खोला इंजिन" म्हणणाऱ्याला नमस्कार करावा आणि दुसऱ्याला दाखवावं. डॉक्टरच्या बाबतीत आपण दुसरं मत घेतोच की!

रिंगा झिजलेली गाडी लक्ष ठेवून काही काळ चालवता येते. लक्ष ठेवायचं म्हणजे ऑइलची काडी बघायची. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करा, थोडा वेळ थांबा, काडी पुसून पुन्हा घाला आणि बघा. बऱ्याच छोट्या गाड्यांत काडीवरच्या दोन खुणांमध्ये साधारण एक लिटरचं अंतर असतं. खालच्या खुणेच्या खाली कधी जाऊ द्यायचं नाही, वरच्या खुणेच्या वर भरायचं नाही. आमचा स्वतःचा हिशेब असा: हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरच्या आत खातेय आणि आकडा वाढत नाही, तर घाई नको. लिटरच्या पुढे गेली, किंवा दर आठवड्याला वाढतेय, तर तारीख ठरवा.

आता न सांगता जाणारा भाग, टायमिंग बेल्ट. पिस्टन आणि वॉल्व्ह यांचा ताल सांभाळणारा हा दातेरी रबरी पट्टा. तो झिजला तरी बहुतेक वेळा ना धूर, ना आवाज. तुटला की बऱ्याच इंजिनांत पिस्टन वॉल्व्हवर आपटतो आणि पट्ट्याच्या खर्चाच्या कितीतरी पट खर्च पुढ्यात येतो. चारोटी-तलासरी हायवेवर मागे ट्रक असताना इंजिन बंद पडलं तर स्टिअरिंग जड होतं, दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकही कडक होतो. पट्टा किती किलोमीटरला किंवा किती वर्षांनी बदलायचा ते गाडीच्या पुस्तकात असतं. जुनी गाडी घेताना तो कधी बदलला याची नोंद मिळाली नाही, तर आधी बदला, मग बाजाराला निघा. काही गाड्यांत पट्ट्याऐवजी साखळी असते. ती सुरू करताना खडखडते, म्हणजे इशारा देते, पण म्हणून टाळाटाळ नको.

तिसरं, बेअरिंग. इंजिनाच्या पोटातून जड ठोके आले, किंवा ऑइलचा लाल दिवा लागला, तर गाडी तिथेच बाजूला घ्या. "पुढच्या नाक्यापर्यंत जाऊ" यातच इंजिन बसतं. ओढून नेण्याचे पैसे परवडतात.

पैशाचं बोलू. समजा गाडी महिन्याला दोन हजार किलोमीटर चालते आणि हजाराला अर्धा लिटर ऑइल खाते. म्हणजे महिन्याला एक लिटर, फेब्रुवारी ते मे चार लिटर. तेवढ्यासाठी भर हंगामात आठ-दहा दिवस गाडी गॅरेजात ठेवून वर व्याजाचं कर्ज उचलणं आम्हाला पटत नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, मासळीच्या फेऱ्या आपोआप कमी होतात. रिंगांचं काम तेव्हा काढा, आणि तोवर दर फेरीमागे थोडी रक्कम वेगळी ठेवा. पट्ट्याला आणि बेअरिंगला मात्र जूनपर्यंतची सवलत नाही. विम्यावरही भिस्त ठेवू नका. नेहमीच्या वाहन विम्यात झीज भरून मिळत नाही. भाड्याने चालणाऱ्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी फिटनेस करावं लागतं. धूर सोडणारी गाडी तिथेही अडते, पीयूसीलाही.

तोवर गाडी चालवायची, पण जपून. जव्हारच्या घाटाला भरून न्यायची नाही. बाळंतपणाच्या निरोपाला आधी 108 लावायचा, आपली गाडी दुसरी. आणि गाडी दुसऱ्या गटाला विकून मोकळं व्हायचं असेल तर कॉम्प्रेशनचा कागद त्यांना दाखवूनच. तोही एक गटच आहे.

बैठकीच्या रजिस्टरात गाडीसाठी एक पान काढा. दर सोमवारी चार गोष्टी लिहा: तारीख, किलोमीटर, किती ऑइल घातलं, धूर कधी दिसला. चालवणारा घरातला भाऊ असो की भाड्याचा ड्रायव्हर, काडी मात्र गटातल्या एका ताईने स्वतः बघायची.