खिडकीच्या गजांना रंग देताना

चैत्र लागला की पोहरादेवीत लगबग सुरू होते. रामनवमीची यात्रा तोंडावर येते. सेवालाल महाराजांच्या समाधीला दूरदूरच्या तांड्यांवरून बंजारा मंडळी येतात. घरोघर पाहुणे. मग भिंती रंगवायच्या, आणि खिडकीचे गज, लोखंडी फाटक यांनाही रंगाचा हात द्यायचा.

हा रंग नुसता शोभेचा नाही. लोखंडाला हवा आणि ओल लागली की ते गंजते. रंग म्हणजे त्याचा अंगरखा. पण गंजावरच रंग फासला तर? वरून गज चकचकीत दिसतो, आत गंज खातच राहतो. एका पावसाळ्यात पोपडे निघतात. पैसे गेले, मेहनतही गेली. म्हणून आधी गज घासून साफ करावा लागतो. आणि इथेच जपायचे आहे.

जुन्या रंगात शिसे असू शकते. पूर्वी लोखंडाला पहिला हात शेंदराचा देत. हा शेंदूर शिशापासूनच बनतो. पिवळ्या-लाल रंगांतही शिसे घालीत. आता कायदा आहे. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगाच्या दहा लाख भागांत शिसे ९० भागांहून जास्त असता कामा नये. पण तुमच्या गजावरचा रंग त्याआधीचा असेल तर?

कोरडा रंग खरवडला की धूळ उडते. रांगते पोर जमिनीवर हात टेकते, तोच हात तोंडात घालते. पोटात गेलेले शिसे पोराच्या मेंदूला इजा करते. ती इजा भरून येत नाही. पोटुशी बाईच्या गर्भालाही ते घातक आहे.

म्हणून पोरांना आणि पोटुशी बाईला त्या दिवशी शेजारी पाठवा. खाली जुने लुगडे अंथरा. गज पाण्याने ओला करा आणि ओलाच काचकागदाने घासा. तोंडाला फडके बांधून भागेल असे समजू नका, बारीक धूळ फडक्यातून जाते. जुना रंग जाळून काढू नका, तो धूरही विषारी. निघालेला रंग लुगड्यासकट गुंडाळून बाजूला काढा. गोठ्याकडे टाकू नका, गुरे चाटतात. जमीन झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

ओला गज लगेच कोरडा करा, नाहीतर पुन्हा गंज. मग रेड ऑक्साइडचा हात. गंमत अशी की, हा तांबडा रंगही गंजाच्याच जातीचा, पण लोखंडाला राखतो! तो पुरता वाळला की ऑइल पेंटचे दोन पातळ हात द्या.

थंड मुलखात घर उबदार ठेवायला भिंतीलगत लोखंडी नळ्या असतात. त्यांतून गरम पाणी फिरते. त्या गार झाल्याशिवाय कोणी रंगवीत नाही. आपल्याकडे लोखंड तापवायला ऊनच पुरते. चैत्रातल्या दुपारी गज हाताला चटका देतो. तेव्हा रंग लावला तर वरची साय वाळते, आत ओले राहते आणि सुरकुत्या पडतात. म्हणून सकाळीच रंगवा. टर्पेंटाइन चुलीपासून लांब ठेवा, ते भडकन पेटते.

रंग उरला, तर धान्याच्या कोठीला बाहेरून लावा. आतून मात्र मुळीच नको.