लेखांक 7 : बसभाडे आणि नाक्यावरचा गल्ला

या लेखांकात कुर्ल्यातील घरभाड्याचा विचार करण्याचे ठरले होते. परंतु गेल्या आठवड्यातील मांडणी वाचून एका वाचकाने विचारलेला प्रश्न सोडवल्याशिवाय भाड्याचे प्रकरण नीट उलगडणार नाही, म्हणून ते पुढे ढकलणे भाग आहे. एका घराने महिन्याला चार-पाचशे रुपयांनी हात आखडता घेतला, तर तेवढ्याने दुकानदाराचे कंबरडे का मोडावे, असा तो प्रश्न आहे.

ही रक्कम मुळात कोठून कमी होते, हे प्रथम पाहावे लागते. 1 फेब्रुवारी 2025 पासून मुंबईत रिक्षाचे किमान भाडे 23 रुपयांवरून 26 रुपये झाले आणि त्याच वर्षीच्या 9 मेपासून बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे 5 रुपयांवरून 10 रुपयांवर गेले. कुर्ला स्थानकाबाहेर वांद्रे-कुर्ला संकुलाच्या बससाठी ज्या रांगा लागतात, त्यांतील एखाद्या घरातले दोघे किमान भाड्याच्या तिकिटावर महिन्यातील 25 दिवस जात-येत असतील, तर त्यांचा 500 रुपयांचा खर्च 1000 रुपये होतो. कामावर जाणे टळत नसल्याने हा खर्च अपरिहार्य, म्हणजे भाव वाढले तरी ज्यात कपात करता येत नाही असा, ठरतो. कात्री लागते ती ऐच्छिक खर्चाला, म्हणजे स्थानकाबाहेरच्या वडापावाला, मुलांच्या फरसाणाला आणि सणाआधी शिवायला टाकायच्या कपड्यांना.

उत्पन्न कमी तितका अन्नावरील खर्चाचा वाटा मोठा, हा नियम जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी 1857 मध्ये मांडला. मुंबईच्या कामगार कुटुंबांच्या 1921-22 मधील पाहणीत हा वाटा निम्म्याहून अधिक होता, तर 2023-24 च्या केंद्रीय उपभोग-खर्च पाहणीत देशाच्या शहरी भागात तो सुमारे 40 टक्के आहे. त्यावरून शहरी कुटुंबाचा हात मोकळा झाला असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल, कारण उरलेल्या रकमेतील मोठा हिस्सा भाडे, प्रवास व शिक्षण यांनी आधीच अडवलेला असतो.

आता मूळ प्रश्न. समजा, एका दुकानाची महिन्याची विक्री 1,00,000 रुपये असून खरेदीची किंमत वजा जाता त्यातून 15,000 रुपये सुटतात आणि गाळ्याचे भाडे, वीज व पोऱ्याचा पगार हे स्थिर खर्च, म्हणजे विक्री घटली तरी न घटणारे खर्च, 10,000 रुपये आहेत. तेव्हा मालकाच्या हाती 5,000 रुपये राहतात. विक्री केवळ 10 टक्क्यांनी घटली, तर सुटणारी रक्कम 13,500 होते, स्थिर खर्च तेवढेच राहतात आणि मालकाला 3,500 रुपये मिळतात, म्हणजे त्याचे उत्पन्न 30 टक्क्यांनी घसरते. गिऱ्हाइकाची लहान काटकसर दुकानात तिप्पट होऊन पोहोचते ती अशी.

किराणा दुकानाची अडचण याहून निराळी आहे, कारण तेथे विक्री फारशी न घटता वहीतली उधारी वाढते. वाशीच्या घाऊक बाजारातील देणे मात्र वेळेवर चुकवावे लागत असल्याने दुकानदाराला खेळते भांडवल, म्हणजे रोजच्या खरेदीसाठी लागणारा हाताशी असलेला पैसा, अपुरे पडू लागते. या अडचणीकडे महागाईच्या चर्चेत फारच कमी लक्ष दिले जाते.

घरभाड्याचे प्रकरण पुढील आठवड्यात येईल. ज्या वाचकांच्या घरी मे 2025 च्या आधीचा आणि नंतरचा महिन्याचा हिशेब लिहून ठेवलेला असेल, त्यांनी तोपर्यंत त्यातील किराणा आणि प्रवास यांचे आकडे शेजारी-शेजारी मांडून पाहावेत.