आत्महत्या आणि घरची माणसे

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली या देशात १,७०,९२४ माणसांनी आपले आयुष्य आपल्या हाताने संपविले. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातील होती. इतकी मोठी संख्या अन्य कोणत्याही राज्यात नव्हती. आकड्यांपुढे उभे राहून हळहळ व्यक्त करणे हा अग्रलेखांचा जुना प्रघात आहे आणि तो पाळण्याची आज आमची इच्छा नाही. त्या अहवालातील एका रकान्याकडे मात्र वाचकांचे लक्ष वेधणे अवश्य वाटते. आत्महत्येच्या कारणांची जी वर्गवारी तेथे दिली आहे तिच्यात ‘कौटुंबिक समस्या’ हे कारण सर्वांत वर असून त्याचा वाटा ३१.७ टक्के आहे. त्याखालोखाल आजारपण, १८.४ टक्के. परीक्षा, कर्ज आणि बेकारी यांविषयी आपण सभांतून आणि वृत्तपत्रांतून पुष्कळ बोलतो. उंबरठ्याच्या आत काय चालते याविषयी मात्र मौन पाळतो.

हा रकाना पोलिसांच्या चौकशीतून भरला जातो, आणि आत्महत्या ही सहसा एकाच कारणाने होत नसते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. ज्या घरावर असा प्रसंग ओढवला त्या घरातील माणसांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा अधिकार कोणालाही नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांना तर नाहीच नाही. पण म्हणून घराचा या प्रश्नाशी संबंध नाही असेही नव्हे. माणसाचे चित्त ठिकाणावर नाही हे डॉक्टराच्या आधी, शिक्षकाच्या आधी, कचेरीतील वरिष्ठाच्या आधी घराला कळते. रात्री दिवा उशिरापर्यंत जळतो आहे, ताटातले अन्न तसेच राहते आहे, एरवी गप्पिष्ट असलेली सून आठ-आठ दिवस बोलत नाही, निवृत्त झालेले वडील बँकेची कागदपत्रे अचानक मुलांच्या स्वाधीन करू लागले आहेत, हे पाहणारे डोळे घरातच असतात. प्रश्न पाहण्याचा नाही. पाहिलेल्याचा अर्थ लावण्याचा आहे.

येथे आपल्या म्हणीच आपल्याला दगा देतात. ‘माझा तुम्हांला भार झाला आहे’, ‘मी नसतो तर बरे झाले असते’ असे कोणी बोलले की घरातील वडीलधारे म्हणतात, गर्जेल तो पडेल काय! वैद्यकाचा अनुभव नेमका उलट आहे. आत्महत्या करणाऱ्यांपैकी अनेकांनी ती इच्छा आधी कोणापाशी तरी, आडवळणाने का होईना, बोलून दाखविलेली असते. दुसरा समज याहूनही खोल रुजलेला आहे. या विषयाचा उच्चार केला तर नसलेली कल्पना त्या माणसाच्या मनात भरेल, अशी भीती आईबापांना वाटते. या भीतीला संशोधनाचा आधार मिळालेला नाही. उलट ‘बाळा, जिवाचं काही बरंवाईट करावं असं तुझ्या मनात येतं का?’ असे आईने सरळ, शांतपणे विचारले तर बहुधा मुलाच्या छातीवरचे ओझे हलके होते. मात्र असे विचारल्यावर उत्तर ऐकून घेण्याचा धीर पाहिजे. ‘आमच्या वेळी आम्ही किती सोसले’ हे प्रवचन त्या घटकेला सुरू झाले, तर तो मुलगा पुन्हा त्या घरात तोंड उघडणार नाही. मुलांना उपदेश करण्याची हौस आम्हा जुन्या शिक्षकांना इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहोत.

आमच्या मते कुटुंबाची खरी परीक्षा पुढेच असते. प्रयत्न झाला, माणूस वाचला, आठवड्याने इस्पितळातून घरी आला, की घरातील सारे सुटकेचा श्वास टाकतात. हाच काळ अधिक जपण्याचा, कारण ज्याने एकदा असा प्रयत्न केला त्याला पुढील काही आठवडे आणि महिने विशेष धोका असतो. आणि नेमक्या याच काळात आपल्या सुसंस्कृत मध्यमवर्गीय घरांतून ‘झाकली मूठ’ सांभाळण्याची धडपड सुरू होते. नातलगांना पोटदुखी सांगितली जाते. मनोविकारतज्ज्ञाकडे दुसऱ्यांदा जायचे तर ओळखीचे कोणी दिसेल म्हणून टाळले जाते. त्या माणसासमोर त्या घटनेचा शब्दही निघत नाही. पूर्वी या लपवालपवीला कायद्याच्या भयाची सबब होती. भारतीय दंडविधानाच्या कलम ३०९ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला खटल्यातून आणि शिक्षेतून मोकळे केले, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलमच राहिले नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा अद्याप गुन्हा आहे. इस्पितळ पोलिसांना कळवील हे खरे. पण त्यापायी दुखणेकऱ्याला कोर्टाची पायरी चढावी लागेल, ही भीती आता बाळगण्याचे कारण उरलेले नाही. उरला तो लौकिक.

या काळात साध्या विचारपूसेचे मोल किती असते, याचा एक पुरावा मिळालेला आहे. चेन्नई, कोलंबो, इराणातील कराज, चीनमधील युनचेंग आणि ब्राझीलमधील कांपीनास या पाच ठिकाणी आत्महत्येच्या प्रयत्नानंतर इस्पितळात आलेल्या १,८६७ व्यक्तींची पाहणी झाली. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांशी जाण्यापूर्वी तासभर बोलणे झाले आणि पुढील अठरा महिन्यांत जास्तीत जास्त नऊ वेळा फोनने वा घरी जाऊन त्यांची खबर घेतली गेली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या गटात आत्महत्येने २.२ टक्के दगावले, दुसऱ्यात ०.२ टक्के. खबर घेणारे आरोग्यसेवक होते, घरचे नव्हेत. पण नऊ भेटींनी परक्यांना जे साधले, ते एका छपराखाली राहणाऱ्यांना असाध्य असावे, असे आम्ही मानीत नाही.

त्यांना ते शिकविले मात्र पाहिजे. अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी हे १९५०च्या दशकातच ओळखले होते. रुग्णालयात जागा नव्हती, तेव्हा आवारात तंबू ठोकून त्यांनी रुग्णांच्या जवळ त्यांचे नातलग आणून ठेवले. दुखणे काय आहे, त्याला कसे वागवावे, हे त्या नातलगांना डोळ्यांदेखत समजू लागले. वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसिक आरोग्य केंद्रातही नातलगांना रुग्णासह राहू देण्याची पद्धत त्याच सुमारास रूढ झाली. आज मोठ्या शहरांतील टोलेजंग इस्पितळांत नातलगाशी बोलणे होते ते बिलाच्या खिडकीपाशी.

वास्तविक, घरी नेताना सांगावयाच्या गोष्टी फार नाहीत. घरातील औषधांचा साठा कुलपात ठेवावा व लागतील तेवढ्याच गोळ्या हाती द्याव्यात. शेती असेल तर कीटकनाशके घरात मुळीच ठेवू नयेत. मरणाची ऊर्मी पुष्कळदा अल्पकाळ टिकते, आणि तेवढ्या वेळात साधन हाताशी नसले तर माणूस वाचतो. रात्र कठीण गेली तर कोणाला उठवायचे, कोणाला फोन करायचा, हे त्याच्याच सल्ल्याने कागदावर लिहून ठेवावे. पण त्याच्या खोलीची कडी काढून टाकणे, वही चाळणे, अष्टौप्रहर मागे माणूस ठेवणे हे दिवसेंदिवस चालू राहिले तर घराचा तुरुंग होतो. किती जवळ राहावे आणि किती दूर, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे.

आणि ज्या घरानेच माणसाला या कड्यापर्यंत आणले, तेथे काय? त्याच २०२२ च्या अहवालात आत्महत्या केलेल्या स्त्रियांत निम्म्याहून अधिक गृहिणी आहेत. मारहाण करणाऱ्या नवऱ्याला ‘हिची काळजी घ्या’ असे सांगून पाठवणी करणे हा उपचार नव्हे, क्रौर्य आहे. २०१७ च्या कायद्याने येथे एक वाट ठेवली आहे, ती फारच थोड्यांना ठाऊक आहे. उपचारांच्या बाबतीत आपल्या वतीने बोलणारा नामनिर्देशित प्रतिनिधी कोण असावा, हे कोणतीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर लिहून व सही करून ठरवू शकते. तो नवरा वा सासरा असला पाहिजे असे बंधन नाही. बहीण चालेल, मैत्रीण चालेल. अशा स्त्रीचे खरे कुटुंब कोणते, हे तिने सांगावयाचे आहे आणि इस्पितळाने ऐकावयाचे आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरणाने २०३० पर्यंत आत्महत्येने होणारे मृत्यू दहा टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यासाठी समित्या नेमल्या जातील आणि परिसंवाद भरतील. मुंबई, पुणे, नागपूर येथील सार्वजनिक इस्पितळांकडून आमची मागणी त्याहून लहान आहे. अशा रुग्णाला घरी सोडताना त्याच्या संमतीने, त्याने निवडलेल्या जिवलगाशी अर्धा तास बोलले जावे. पुढील भेटीची तारीख कागदावर लिहून द्यावी. आणि त्या तारखेला तो आला नाही तर इस्पितळातून एक फोन जावा. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनिसेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून तेथे रात्रंदिवस, मराठीतूनही, विनामूल्य बोलता येते. दुखणेकऱ्याप्रमाणेच, त्याच्या उशाशी बसून काय करावे हे न सुचलेल्या माणसालाही तो क्रमांक फिरविता येतो.