पैसा फंडाचा धडा
देणगीदार एकदा गाठायचा की वर्षानुवर्षे टिकवायचा, याचे उत्तर महाराष्ट्रात जुनेच आहे. अंताजी दामोदर काळे यांनी स्वदेशी उद्योगांसाठी माणशी वर्षाला एक पैसा मागितला. लोकमान्य टिळकांनी ती कल्पना उचलून धरली आणि १९०८ मध्ये तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. रक्कम क्षुल्लक; महत्त्वाचे होते ते ‘दरवर्षी’. पुन्हा मागायला जायचे, म्हणजे गेल्या पैशाचे काय केले ते सांगणे आले. पैसा गोळा करण्याचा खर्च पैशाहून जास्त, हा आक्षेप रास्तच आहे. स्वयंसेवकांची पायपीट फुकट होती म्हणून ते निभावले. यूपीआयच्या मासिक हप्त्याने आज ती अडचण बरीच हलकी केली आहे. मोठ्या देणगीशिवाय संस्था उभी राहत नाही, असेही म्हणतात. पण विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० मध्ये महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख रुपये देऊ केले, तेव्हा कर्वे यांच्या स्त्रीशिक्षणाच्या कामाला दोन तपे झाली होती. तेव्हा नवे दाते शोधण्याआधी जुन्यांना, काहीही न मागता, हिशेबाचे एक पत्र धाडा.