एका पायपात किती वायरी?

सभासद बंधूंनो, ऊसनोंदीसाठी हिंडताना आम्ही विहिरीवरच्या मोटारघरातही डोकावतो. सामाईक विहिरीवर तिघांच्या १०-१० अश्वशक्तीच्या मोटारी, आणि स्टार्टरकडे जाणाऱ्या नऊच्या नऊ वायरी एकाच पायपात कोंबलेल्या! काम आटोपशीर दिसते खरे.

पण वीज वाहू लागली की वायर तापते, आणि दाटीत उष्णतेला बाहेर पडायला वाव राहत नाही. अडीच चौरस मि.मी. तांब्याच्या तीनच वायरी पायपात असल्या तर त्या सुमारे २१ अँपिअर पेलतात. असे तीन संच एकत्र आले की त्याचे ७० टक्केच धरायचे, म्हणजे १५ च्या आत. पत्र्याखाली ४० अंश झाले की जेमतेम १३. आणि १० ची मोटार घेते १४-१५. व्होल्टेज पडले तर आणखी. आळीपाळीने चालवता तोवर निभते. रात्रीची लाईट आली की मात्र तिन्ही एकदम सुरू! २० अँपिअरचा फ्यूज जात नाही, वायरीचे आवरण मऊ होऊन जळते, आणि ऐन उन्हाळ्यात उसाची पाळी चुकते.

यासाठी प्रत्येक मोटारीला वेगळा पाईप घ्यावा. ते जमत नसेल तर वायर चार चौरस मि.मी.ची आणि पाईप मोठा. पोकळीचा ४० टक्क्यांहून जास्त भाग वायरींनी भरू नये.

वेगळा पाईप म्हणजे फेजगणिक वेगळा नव्हे बरं का! लोखंडी पायपात एकच फेज घातला तर पाईपच तापतो. एका मोटारीचे तिन्ही फेज एकत्रच हवेत.