कन्सोलची किंमत आणि खेळण्याची किंमत : ऑनलाइन गेमिंगच्या वर्गणीचं गणित



मागच्या पालकसभेनंतर एक वडील थांबले. मुलगा आठवीत. म्हणाले, "सर, पोराला गेमचा कन्सोल घेऊन द्यायचं कबूल केलंय. वर्षभर पैसे साठवलेत. आता तो म्हणतो, घेतल्यावर दर महिन्याला वेगळे पैसे भरावे लागतात. टीव्ही घेतला की केबलचे पैसे भरतो, तसंच का हे?"

त्यांनी दिलेलं उदाहरण अगदी बरोबर होतं. दुकानात आपल्याला फक्त खोक्याची किंमत सांगतात. मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायला किती लागेल, ते आपणच विचारावं लागतं. म्हणून आज प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि निन्टेन्डो या तीन कंपन्यांच्या ऑनलाइन सेवा आणि त्यांचा खर्च समजून घेऊ. शेवटी वर्गात घेता येईल असा एक उपक्रमही दिला आहे.

१) ऑनलाइन खेळण्यासाठी पैसे कुठे कुठे जातात?

तीन ठिकाणी जातात.

• घरच्या इंटरनेटचं बिल.
• गेमची स्वतःची किंमत. काही गेम फुकट असतात, काही विकत घ्यावे लागतात.
• कन्सोल कंपनीची वर्गणी. ही भरली तरच बहुतेक विकतचे गेम इतरांशी ऑनलाइन खेळता येतात. एकट्याने खेळायच्या भागाला वर्गणी लागत नाही.

गोंधळ होतो तो या तिसऱ्या खर्चाचा. पालकांना वाटतं, कंपनीला सर्व्हर चालवायचा खर्च येतो म्हणून ही वर्गणी असणार. थोडंफार खरं आहे. खाती, मित्रांची यादी, आवाजी गप्पा हे सगळं कन्सोल कंपनी सांभाळते. पण बऱ्याच गेमचे सर्व्हर तो गेम बनवणारी कंपनी चालवते. तोच गेम कॉम्प्युटरवर स्टीमवरून घेतला, तर ऑनलाइन खेळायला अशी वेगळी वर्गणी सहसा लागत नाही. म्हणजे ही वर्गणी बरीचशी टोलनाक्यासारखी आहे. नाका ठेवायचा की नाही, हे कंपनी ठरवते. पुढचा इतिहास वाचला की हे पटेल.

२) २००६ सालचं उदाहरण : स्वस्त कोण?

२००६ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या दुकानांत तीन कन्सोल समोरासमोर होते. सोयीसाठी किमती पूर्ण डॉलरमध्ये घेऊ.

• एक्सबॉक्स ३६० (हार्ड डिस्कसह) : ३९९ डॉलर
• प्लेस्टेशन ३ (६० जीबी) : ५९९ डॉलर
• निन्टेन्डो वी : २५० डॉलर

वरवर पाहिलं तर प्लेस्टेशन ३ सगळ्यात महाग. पण एक्सबॉक्सवर इतरांशी ऑनलाइन खेळायला एक्सबॉक्स लाइव्ह गोल्ड ही वर्गणी लागायची, वर्षाला सुमारे ५० डॉलर. प्लेस्टेशन ३ आणि वी यांच्यावर ऑनलाइन खेळणं फुकट होतं.

आता आठवीच्या मुलांना विचारा : किती वर्षांनी दोघांचा खर्च सारखा होईल?

३९९ + ५०क्ष = ५९९
५०क्ष = २००
क्ष = ४

चार वर्षांनी दोघांचा खर्च बरोबरीला आला! त्यात आणखी एक गोष्ट. ६० जीबीच्या प्लेस्टेशन ३ मध्ये वाय-फाय आतच होतं. एक्सबॉक्स ३६० ला वाय-फाय हवं असेल तर सुमारे १०० डॉलरचं वेगळं उपकरण घ्यावं लागे. तेही धरलं तर,

४९९ + ५०क्ष = ५९९, म्हणजे क्ष = २

दोनच वर्षं! पहिल्या दिवशी २०० डॉलरने स्वस्त दिसणारा कन्सोल तिसऱ्या वर्षापासून महाग पडू लागला. हीच वर्गणी वर्षाची एकदम न भरता महिन्याला ८ डॉलरप्रमाणे भरली, तर वर्षाचे ९६ डॉलर व्हायचे, जवळपास दुप्पट.

मग लोक मूर्ख होते का? अजिबात नाही. एक्सबॉक्स लाइव्ह नोव्हेंबर २००२ पासून चालू होतं, चांगलं मुरलेलं होतं. मित्रांची यादी, हेडसेटवर बोलणं, कोण काय खेळतंय ते कळणं, हे सगळं तिथे नीट चालायचं. उलट वीवर मित्र जोडायला लांबलचक आकडे एकमेकांना कळवावे लागत. प्लेस्टेशनची फुकट सेवा २०११ च्या एप्रिलमध्ये हॅकिंगमुळे तीन आठवड्यांहून जास्त बंद राहिली आणि सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांच्या माहितीचा प्रश्न उभा राहिला. म्हणून तुलना करताना किंमत आणि सेवा दोन्ही पाहायचं, एकच नाही.

३) फुकट होतं, ते कसं संपलं?

• २०१० : सोनीने प्लेस्टेशन प्लस ही वर्गणी सुरू केली. तेव्हा ती ऐच्छिक होती, ऑनलाइन खेळणं फुकटच राहिलं. त्याच वर्षी एक्सबॉक्सची वार्षिक वर्गणी ५० वरून ६० डॉलर झाली.
• २०१३ : प्लेस्टेशन ४ आला आणि त्यावर बहुतेक विकतच्या गेमसाठी प्लेस्टेशन प्लस सक्तीचं झालं.
• २०१८ : निन्टेन्डो स्विच मार्च २०१७ मध्ये आला. सुमारे दीड वर्ष ऑनलाइन खेळ फुकट होता. सप्टेंबर २०१८ पासून वर्षाला २० डॉलरची वर्गणी लागू झाली.

बघा, प्लेस्टेशनवर जे सात वर्षं फुकट चाललं, ते नव्या कन्सोलबरोबर विकतचं झालं. एकाने नाका बसवला, लोक पैसे भरताना दिसले, मग बाकीच्यांनीही बसवला.

नाका बसला की टोल वाढतो, हे आपल्याला नवीन नाही. प्लेस्टेशन प्लसच्या मूळ योजनेची वर्षाची वर्गणी अमेरिकेत सप्टेंबर २०२३ मध्ये ६० वरून ८० डॉलर झाली. शेकडा किती वाढ? २० भागिले ६०, म्हणजे सुमारे ३३ टक्के. एक्सबॉक्सच्या गेम पास अल्टिमेट या सर्वांत मोठ्या योजनेचा महिन्याचा दर ऑक्टोबर २०२५ मध्ये २० वरून ३० डॉलर झाला. ही वाढ ५० टक्के.

प्लेस्टेशन ५ २०२० मध्ये अमेरिकेत ५०० डॉलरला आला. वर्षाला ८० डॉलरप्रमाणे सात वर्षं वर्गणी भरली तर ५६० डॉलर होतात. म्हणजे खोक्यापेक्षा वर्गणीच जास्त!

४) तिघांमधले महत्त्वाचे फरक

पालकांच्या उपयोगाचे फरक एवढेच आहेत.

*फुकटचे गेम :* फोर्टनाइट, रॉकेट लीग असे फुकट मिळणारे गेम प्लेस्टेशनवर वर्गणीशिवाय ऑनलाइन खेळता येतात. एक्सबॉक्सवर त्यांनाही वर्गणी लागायची, ती अट एप्रिल २०२१ मध्ये निघाली. स्विचवरही फोर्टनाइटला वर्गणी लागत नाही. मात्र या गेममध्ये पोशाख वगैरे विकत घ्यायचा मोह असतो, तो खर्च वेगळा.

*घरात दोन मुलं असतील तर :* प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स घरचा मुख्य कन्सोल म्हणून नोंदवला, की एकाच्या वर्गणीवर त्याच कन्सोलवरची दुसरी खातीही ऑनलाइन खेळू शकतात. स्विचवर वैयक्तिक वर्गणी त्या एका खात्यापुरतीच असते. पण निन्टेन्डोची कौटुंबिक योजना आठ खात्यांसाठी आहे. सुरुवातीला ती अमेरिकेत वर्षाला ३५ डॉलर होती. आठ जणांत वाटली तर माणशी साडेचार डॉलरसुद्धा पडत नाहीत.

*खेळाची प्रगती जपणं :* मुलाने तीन महिने खेळून गाठलेला टप्पा कंपनीच्या सर्व्हरवर साठवायला प्लेस्टेशन ५ आणि स्विचवर वर्गणी लागते. एक्सबॉक्सवर ती सोय फुकट आहे.

*वर्गणीत मिळणारे गेम :* प्लेस्टेशन प्लसमध्ये दर महिन्याला काही गेम मिळतात. पण वर्गणी थांबली की ते गेमही बंद. ते वाचनालयातल्या पुस्तकांसारखे आहेत, आपल्या कपाटातल्या नाहीत. वेगळे पैसे देऊन घेतलेला गेम मात्र एकट्याने खेळता येतो, वर्गणी असो वा नसो.

*सेवा कायमची नसते :* पहिल्या एक्सबॉक्सची ऑनलाइन सेवा एप्रिल २०१० मध्ये आणि वीची मे २०१४ मध्ये बंद झाली. जुना कन्सोल स्वस्तात घेताना हे जरूर विचारा.

५) आपल्याकडे काय लक्षात ठेवायचं?

आपल्याकडे प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सची वर्गणी रुपयांत भरता येते. जून २०२२ मध्ये प्लेस्टेशन प्लसच्या नव्या तीन योजना आल्या, तेव्हा मूळ योजनेचा महिन्याचा दर ४९९ रुपये होता. दर बदलत राहतात, म्हणून घ्यायच्या दिवशी कंपनीच्या ऑनलाइन दुकानात स्वतः पाहा. निन्टेन्डोने स्विच भारतात अधिकृतपणे विक्रीला आणलेला नाही. इथे मिळतो तो बाहेरून आलेला, त्यामुळे दुरुस्ती आणि वॉरंटीची चौकशी आधी करा.

वर्गणी बहुधा आपोआप नूतनीकरण होणारी असते. एकदा कार्ड जोडलं की पुढचे पैसे वेळ झाली की कापले जातात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशी रक्कम कापण्याआधी किमान २४ तास ग्राहकाला सूचना यायला हवी. तो मेसेज जाहिरात समजून पुसू नका. वर्गणी घेतली त्याच दिवशी 'आपोआप नूतनीकरण' बंद करून ठेवलं तरी भरलेली मुदत पूर्ण वापरता येते.

६) वर्गात घेण्याजोगा उपक्रम

आठवीच्या 'एकचल समीकरणे' या घटकाबरोबर हा छान बसतो. मुलांचे गट करा आणि द्या :

१. कन्सोल अ ३०,००० रुपयांचा, वर्गणी वर्षाला ४,००० रुपये. कन्सोल ब ३८,००० रुपयांचा, वर्गणी वर्षाला २,००० रुपये. किती वर्षांनी खर्च समान होईल? (उत्तर : ४ वर्षं. आकडे सरावासाठी घेतले आहेत.)
२. वर्गणी दरवर्षी १० टक्क्यांनी वाढली तर काय बदलेल?
३. घरातली अशी आणखी एक वस्तू शोधा, जिची खरेदीची किंमत कमी पण वापरण्याची जास्त आहे. (मुलं प्रिंटर, मोबाइल, दुचाकी अशी उत्तरं देतात. त्यावर चर्चा घ्या.)

ज्या घरात कन्सोल येण्याची शक्यता नाही, त्या मुलांनाही तिसरा प्रश्न आपला वाटतो. म्हणून तो वगळू नका.

आता त्या वडिलांकडे वळू

मी त्यांना एकच सांगितलं : "मुलाला त्याच्या आवडीच्या गेमची यादी करायला सांगा आणि प्रत्येकापुढे वर्गणी लागते की नाही, ते त्यालाच शोधून लिहायला लावा." आठ दिवसांनी ते यादी घेऊन आले. चार गेम होते. दोन फुकटचे. एक एकट्याने खेळायचा. फक्त फुटबॉलच्या गेमला ऑनलाइन खेळताना वर्गणी लागणार होती. मुलाने खाली स्वतःच लिहिलं होतं, 'वर्गणी फक्त मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत.'

बारा महिन्यांची वर्गणी दोन महिन्यांवर आली. वडिलांचे पैसे वाचले हे तर आहेच. मला जास्त आनंद झाला तो वेगळ्या गोष्टीचा. "बाबा नाही म्हणतात" असं म्हणत रुसून बसण्याऐवजी त्या मुलाने आपल्या खेळाचा हिशेब स्वतः मांडला होता.

तुमच्या घरी किंवा वर्गात हा विषय निघालाच, तर आधी वही आणि पेन्सिल काढा, दुकानात नंतर जा.