डोळे दाखवूक इल्लंव

बोरिवली स्टेशन. बुधवार, सकाळचे सात वाजून गेलेत. लोकलचे फलाट माणसांनी फुटायला आलेत, पण इथे गर्दी बसलेली आहे: खोक्यांवर, वळकट्यांवर, एकमेकांच्या पिशव्यांवर. वांद्र्याहून मडगावला जाणारी गाडी यायचीय. आठवड्यातून दोनदाच असते. २९ ऑगस्ट २०२४ ला ती सुरू झाली, तोवर इकडच्या मालवणी माणसाला गाडी धरायला बहुतेक वेळा दादर नाहीतर ठाणंच गाठावं लागे.

आमच्या सोसायटीतले काका-काकू गावी निघालेत, मसुऱ्याजवळच्या वाडीत. काका बेस्टमधले निवृत्त कंडक्टर, काकू पालिका शाळेतल्या बाई. मुलगा औषधांच्या डबीचे कप्पे उघडून दाखवतोय. सकाळ, दुपार, रात्र. जिभेखाली ठेवायची गोळी वेगळी, ती शर्टाच्या खिशात. काका हो हो म्हणतात, पण नजर खोक्याच्या सुतळीवर.

"आणि रात्री दोनला छातीत दुखलं तर?"

"एकशे आठ." काकांचं उत्तर तयार.

एकशे आठची गाडी येणार, ओरोसला नेणार, तिथून फार तर गोव्यात बांबोळीला. तेवढा वेळ हाताशी असतो का, हे मुलगा विचारत नाही. मला विचाराल तर मुलाचंच बरोबर आहे. काकांच्या हृदयात स्प्रिंगा बसून जेमतेम महिना झालाय. पण आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख लागलीय, आणि ती कॅलेंडर बघून लागत नाही, देवीच्या कौलाने लागते. त्यापुढे डॉक्टरांची पुढची तारीख कोण धरतो?

खिशातल्या प्लास्टिकच्या पाकिटात दोन कार्डं आहेत. एक सत्तरीपुढच्यांचं पाच लाखांच्या उपचाराचं, दुसरं एस.टी.चं. पंचाहत्तरी उलटल्यामुळे एस.टी. फुकट. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० पासून बंदच आहे. "फुकटची सोडून पैसे मोजून चाललोय, कंबरेसाठी," काका मला ऐकवतात.

तेवढ्यात कणकवलीकडची एक बाई हाक मारते. "गो बाय! मुंबयत कधी इललास?"

"डोळे दाखवूक इल्लंव," काकू पटकन सांगतात.

मी काकूंकडे बघतो. रिक्षात त्यांनी मला आधीच बजावलंय. "हार्टचं कळलं की अख्खी वाडी बघायला येते. येणाऱ्याला चहा मीच करायचा, वर प्रत्येकाचं एकेक औषध ऐकायचं." मग जरा थांबून म्हणाल्या होत्या, "आणि भजनात ह्यांच्या पुढचा मृदंग कोणीतरी उचलून नेईल. 'तुम्ही नुसते बसा' म्हणतील. तेव्हा खरे आजारी पडतील हे."

गाडी येते. खोकी आत, काका आत, काकू आत; मुलगा सीटखाली पिशव्या ढकलून उतरतो. मी खिडकीशी. पाहतो तर काका त्या बाईसमोर बाही वर सारून मनगट दाखवतायत.

"स्प्रिंगा घातल्यानी. दोन. हयसून, हातातसून."

"अहो!" काकू.

"माझ्या भावाकपण घातल्यानी," बाई सरसावून बसते. "पण रगत पातळ करूची गोळी सोडू नकात हां. तेना मधीच सोडल्यान, परत ॲडमिट."

काकूंचा चेहरा बदलतो. गोळीचं नाव विचारतात, किती मिलिग्रॅमची ते विचारतात, डबीच उघडून पुढे धरतात. समोरचे गृहस्थ चश्मा लावून पट्टी वाचायला घेतात. वरच्या बर्थवरून कोणीतरी आपल्या गुडघ्याचं सुरू करतो, त्याच्याकडे कोणाचं लक्ष नाही.

"आणि नारळ?" बाईचा आवाज एकदम खाली येतो. "नारळ चालता मां?"

"अर्धो," काका म्हणतात.

गाडी हलते.

"अर्धो खंयचो!" काकू डबीचं झाकण लावतात. "दोन चमचे सांगल्यानी. दोघांत."